अंथरूण ओलं होतं, तेव्हा आधी पोट पाहा

पाच वर्षांपुढचं मूल रात्री अंथरूण ओलं करत असेल, तर पहिला प्रश्न लघवीचा नव्हे, शौचाचा विचारावा. गुदाशय मूत्राशयाच्या मागेच असतो. तिथे घट्ट मळ साठला की मूत्राशय दाबला जातो. अमेरिकेतल्या व्हेरा लोएनिंग-बाउके यांच्या १९९७च्या अभ्यासात बद्धकोष्ठता दूर झाल्यावर ८९ टक्के मुलांचं दिवसा आणि ६३ टक्के मुलांचं रात्री कपडे ओले होणं थांबलं. मळ फार साठला असेल तर रेचक लागतंच. तिथे बिनऔषधी उपचाराचा हट्ट नको. एरवी भर सवयींवर: दिवसा पुरेसं पाणी, दोन-तीन तासांनी लघवी, जेवणानंतर शौचाला बसणं, कमोडवर लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असेल तर मुलं पाणीच पीत नाहीत, हे पालकांच्या गावीही नसतं.

‘मोठं झालं की थांबेल’ हे खोटं नाही; पण दरवर्षी अशी साधारण १५ टक्केच मुलं आपोआप बरी होतात. गोळीने लवकर फरक पडतो, हा आक्षेपही रास्त. मात्र ती थांबवली की त्रास बहुधा परततो. ओल लागताच वाजणारा गजर, जो मॉवरर दांपत्याने १९३८ साली मांडला, दोन-तीन महिने घेतो, पण त्याचा गुण अधिक टिकतो. सुरुवातीला गजराने मूल सोडून सगळं घर उठतं. पालकांनीच त्याला जागं करायचं. रागावणं व्यर्थ, कारण हे झोपेत घडतं. मात्र कोरडं राहू लागलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तहान वाढली, वजन घटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्तातली साखर तपासून घ्यावी.