शेजारची इमारत आणि शेजाऱ्याची हरकत

धान्याच्या व्यापाऱ्याने घरबांधणीवर लेख लिहावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या सभासदांच्या बैठकीत बाजारभावाच्या खालोखाल ज्या विषयाची चर्चा आम्ही ऐकतो, तो विषय म्हणजे शेजारी उठणारी इमारत. आपल्यापैकी काहींनी गावाभोवतालची जमीन घेऊन तिचे भूखंड पाडले आहेत. काहींनी जुना वाडा उतरवून त्या जागी तीन मजले चढविले आहेत. आणि काहीजण तशाच मजल्यांच्या सावलीत राहून तक्रार करीत आहेत. बांधणारा आणि हरकत घेणारा असे दोघेही एकाच संघटनेत बसत असल्यामुळे या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. रास्त हरकत कोणती, ती केव्हा घ्यावी आणि कोठवर ताणावी, एवढेच सांगण्याचा आमचा येथे हेतू आहे.

हरकत का उत्पन्न होते?

बागलीसारख्या गावातील जुनी घरे एकमेकांस खांदा लावून उभी असतात. कोठे भिंत सामाईक, कोठे एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या बोळात, तर कोठे एका विहिरीवर चार घरांचा हक्क. हे व्यवहार कागदावर क्वचितच आढळतात. ते वहिवाटीने चालतात. त्यांतील एक घर उतरून त्या जागी नवी इमारत उभी राहिली की न लिहिलेले ते करार एकदम मोडतात. त्यात आपल्या माळव्याची काळी जमीन. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एकाने जोते दोन हात उंच घेतले की त्याच्या अंगणातील पाणी शेजाऱ्याच्या पायाशी मुरू लागते, आणि दोन पावसाळ्यांत भिंतीस तडा जातो. अशा वेळी हरकत घेणारा मनुष्य भांडखोर नसतो. त्याचे खरोखरीच नुकसान होत असते.

दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. कुटुंबे वाढतात, मुले वेगळी होतात, खेड्यांतील माणसे पोटासाठी गावात येतात. त्यांस घरे हवीत. प्रत्येक नव्या इमारतीस विरोध केला तर ही माणसे राहणार कोठे?

इंदूरचा जुना दाखला

शेजाऱ्यांस विचारून नगररचना करावी, हा विचार परदेशातून नुकताच आला आहे असे कित्येकांस वाटते. वस्तुतः त्याचा एक उत्तम प्रयोग शंभर वर्षांपूर्वी आपल्या जवळच्या इंदूर शहरी झाला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ 1914 साली हिंदुस्थानात आले. प्लेगने गांजलेल्या इंदूरची पाहणी करण्यास होळकर दरबाराने त्यांस पाचारण केले, आणि त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला.

दाट वस्ती दिसली की तिच्यातून सरळ रुंद रस्ता काढावयाचा आणि आड येतील ती घरे पाडावयाची, अशी त्या काळच्या अभियंत्यांची रीत होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे गल्लीगल्लीतून पायी हिंडून, रहिवाशांचा व्यवहार पाहून मगच आराखड्यास हात घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. पडकी, निरुपयोगी घरे तेवढी काढावी, त्यांच्या जागी लहान चौक मोकळे करावे, झाडे लावावी आणि बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारावी, ही त्यांची पद्धत. तीत खर्चही थोडा आणि उठवली जाणारी कुटुंबेही थोडी.

याच काळात दिवाळीच्या सुमारास त्यांनी इंदुरात एक मोठी मिरवणूक काढविली. ज्या भागातील लोक घरे व रस्ते सर्वांत अधिक स्वच्छ करतील त्या भागातून ती जाईल, असे आधी जाहीर केले होते. मग काय विचारता! गल्लोगल्ली साफसफाईची चढाओढ लागली, आणि गाड्यांच्या गाड्या भरून केरकचरा शहराबाहेर गेला. हुकमाने जे साधले नसते ते लोकांस विश्वासात घेतल्याने साधले. हेच गेडिस पुढे 1919 पासून 1924 पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते.

कायद्याने दिलेली संधी

आता प्रचलित कायद्याकडे वळू. आपल्या राज्यात मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 लागू आहे. शहराची विकास योजना मंजूर होण्यापूर्वी तिचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यावर हरकती व सूचना देण्यास नागरिकांस निदान 30 दिवसांची मुदत मिळते. कोठे निवासी वस्ती, कोठे बाजार, कोणता रस्ता किती रुंद, कोठे बगीचा, हे सर्व त्या मसुद्यात ठरते. म्हणजे शेजारी पुढे काय उभे राहू शकेल याचे बीज तेथेच पेरले जाते. इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडावी, उंची किती असावी, वाहने कोठे उभी राहावी, हे मध्यप्रदेश भूमि विकास नियम, 2012 यांत सांगितले आहे.

एकेका इमारतीस परवानगी देताना प्रत्येक शेजाऱ्यास विचारले जाईलच, असे मात्र कोणी समजू नये. आपणच चौकशी केली पाहिजे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 अन्वये अर्ज केला असता मंजूर नकाशाची माहिती मागता येते, आणि अशा अर्जास सामान्यतः 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्यांनी नव्या वसाहतीत घर नोंदविले आहे त्यांच्यासाठी 2016 चा स्थावर संपदा कायदा आहे. मंजूर आराखड्यात मोठा फेरबदल करावयाचा तर घर घेणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश जणांची लेखी संमती आधी घ्यावी, असे तो सांगतो.

ही संधी लोक घेतात काय? महाराष्ट्रात याचे उत्तर मिळते. पुणे शहराचा विकास आराखडा 2013 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर 87 हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. मुंबईचा आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये निघाला. त्यातील चुका नागरिकांनी इतक्या दाखविल्या की एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने तयार करण्याचा आदेश दिला, आणि सुधारलेला आराखडा 2018 साली मंजूर झाला. मुदतीत आणि लेखी केलेली हरकत वाया जात नाही, हे यावरून ध्यानी येते.

उशिराची हरकत महाग पडते

आपल्या धंद्यात पोत्यात परखी घालून नमुना पाहावयाचा तो सौद्यापूर्वी. माल तोलून कोठारात गेल्यावर दाणा बारीक निघाला म्हणून कुरकुर करणाऱ्यास कोण विचारतो? इमारतीच्या बाबतीत न्यायालये असे म्हणत नाहीत. बेकायदा बांधकामावर उशिरानेही इलाज आहे. परंतु त्याची किंमत भयंकर असते.

उडुपी येथे कल्याणमंडप म्हणून परवानगी घेतलेल्या इमारतीचे निवासी भागातच सिनेमागृह करण्यात आले. एका रहिवाशाने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली त्याचे म्हणणे मान्य केले. बेकायदा बांधकामामुळे शेजाऱ्याच्या उपभोगाच्या हक्कास बाध येतो, आणि बांधणाऱ्याने पैसा ओतला एवढ्याने ते कायदेशीर ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मुंबईतील प्रतिभा या छत्तीस मजली इमारतीचे वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश त्याच न्यायालयाने 1991 साली कायम केला.

सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीनजीकच्या नोएडाचे. तेथील एमराल्ड कोर्ट वसाहतीत, रहिवाशांस बगीचा म्हणून दाखविलेल्या जागेवर दोन उत्तुंग मनोरे उभारण्यास सुरुवात झाली. दोन इमारतींत निदान 16 मीटर अंतर हवे होते, ते अवघे 9 मीटर होते. रहिवाशांच्या संघाने 2012 साली अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेतली. 2014 मध्ये मनोरे पाडण्याचा आदेश झाला, 31 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि 28 ऑगस्ट 2022 रोजी सुमारे 3,700 किलो स्फोटके लावून दोन्ही मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त करण्यात आले. रहिवासी जिंकले खरे. परंतु त्यासाठी त्यांची दहा वर्षे गेली. मनोऱ्यांत घरे नोंदविणाऱ्यांचे पैसे अडकले, आणि अपार सिमेंट-लोखंडाची माती झाली. तेच अंतर नकाशा कागदावर असताना कोणी मोजून पाहिले असते, तर एका रेघेने काम भागले असते.

हरकतीची मर्यादा

आता जे लिहावयाचे ते कित्येकांस रुचणार नाही. तरी लिहिणे आमचे कर्तव्य आहे. हरकत इमारतीवर असते आणि हरकत माणसावर असते. उजेड, वारा, पाणी, रस्ता, आगीचा बंब आत येण्यास वाट, यांविषयीची हरकत ही इमारतीवरची. ती रास्त होय. “तेथे कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्याचे, काय खाणारे लोक राहावयास येतील?” ही हरकत माणसावरची. ती आपल्या अर्जात रस्त्याची अरुंदी आणि गटाराची दुर्दशा यांच्या आड लपून येते, हे आपण सर्वजण जाणतो.

आपल्या समाजाचा आहार-आचार कडक आहे, आणि तो पाळण्यास अनुकूल शेजार असावा ही इच्छा स्वाभाविक आहे. एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या उपविधींनुसार सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्यास त्या संस्थेला मुभा दिली. पण ती गोष्ट संस्थेच्या स्वतःच्या जमिनीची. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्याच्या भूखंडावर कोण राहील हे ठरविण्याचा अधिकार त्यातून कोणास मिळत नाही. संयम हा स्वतःवर घालावयाचा असतो. तो शेजाऱ्याच्या नकाशावर लादावयाचा नसतो.

याहून जवळचा प्रश्न पाहा. आपला सर्व धंदा हमालाच्या पाठीवर आणि तोलणाऱ्याच्या हातावर चालतो. ही माणसे पहाटे मंडीत हजर हवीत, मग त्यांची घरेही मंडीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हवीत. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेसारख्या योजनांतून लहान घरांची वसाहत व्हावयाची ठरली, आणि आपण आपल्या भूखंडाचा भाव उतरेल म्हणून तिला गावाबाहेर तीन कोस लोटले, तर दिवसभर आपली पोती वाहणाऱ्या माणसास रात्री आपण शेजारी मानीत नाही, असाच त्याचा अर्थ होईल.

विरोधाचा अतिरेक झाला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिसते. तेथे शेजाऱ्यांच्या हरकतींनी आणि लांबत जाणाऱ्या छाननीने नवी घरे इतकी अडली की घरांचे भाव सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले. इमारतीने लेखी आणि मोजता येतील असे नियम पाळले असतील, तर केवळ लोकांस आवडत नाही म्हणून तिला नकार देऊ नये, अशा आशयाचा कायदा तेथे 1982 सालीच झाला आणि पुढे तो अधिक कडक करावा लागला.

आपण काय करावे?

मोठ्या शहरांत इमारतीच्या रचनेचे परीक्षण करणारी मंडळे आहेत. दिल्लीत 1973 च्या कायद्याने नागरी कला आयोग स्थापन झाला. मुंबईत 1995 च्या नियमांन्वये वारसा-इमारतींसाठी समिती नेमण्यात आली. बागलीसारख्या गावास एवढा व्याप नको. आपल्या संघटनेने पाच जाणत्या व्यक्तींची एक सल्लागार समिती करावी, तीत निदान एक भगिनी असावी, अशी आमची सूचना आहे. ज्या सभासदास बांधावयाचे आहे त्याने नगरपरिषदेत अर्ज देण्यापूर्वी आपला नकाशा या समितीपुढे व लगतच्या शेजाऱ्यांपुढे ठेवावा. त्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. जोत्याची उंची किती, आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूस वाहील?

2. शेजाऱ्याच्या खिडक्यांस उजेड व वारा किती उरतो?

3. सामाईक भिंत असल्यास पाया खणताना तिला आधार कसा देणार?

4. मालमोटारी व घरच्या गाड्या कोठे उभ्या राहतील, आणि आगीचा बंब आत येऊ शकेल काय?

5. शोषखड्डा जवळच्या विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून पुरेसा दूर आहे काय?

6. जुन्या वाड्याचे लाकडी खांब, ओसरी अथवा दर्शनी कोरीवकाम राखता येईल काय?

समितीने आपले मत 30 दिवसांत लेखी द्यावे. तिला नकाराधिकार नसावा. तो अधिकार कायद्याने ज्यांस दिला आहे त्यांच्याकडेच राहो. आणि येथे कोण राहणार, हा सातवा प्रश्न विचारण्यास समितीस सक्त मनाई असावी.

एकच वस्तू निरनिराळ्या बाजूंनी पाहावी, तेव्हाच तिचे खरे रूप कळते, ही अनेकान्ताची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बांधणाऱ्याने शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून आपला नकाशा पाहावा, आणि शेजाऱ्याने घर नसलेल्याच्या जागी उभे राहून आपली हरकत वाचावी. इतके झाले तर बहुतेक तंटे कचेरीपर्यंत जाणारच नाहीत. संघटनेच्या पुढील वार्षिक सभेत या सूचनेचा विचार व्हावा, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.