मंडईचे दिवस आणि फुलीचे तोरण

आपल्या धानपट्ट्यात वर्षाचे दोन हिशेब असतात. एक बांधीतील पिकाचा. तो पेरेपत्रकात व सातबाऱ्यावर उतरतो. दुसरा घरातील स्त्रियांच्या हातकामाचा. तो कोठेच उतरत नाही. महसुली दप्तरात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हे उणे विशेष जाणवते. या दुसऱ्या हिशेबाकडे शेतकरी बंधूंचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निमित्त झाले ते यंदाच्या मंडईचे आणि कुडव्यास आमच्या घरी चाललेल्या एका तोरणाचे.

पुण्या-मुंबईकडे मंडई म्हणजे भाजीचा बाजार. झाडीपट्टीत तसे नव्हे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत भाऊबिजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. हलके धान निघालेले, भारी धान उभे, अशा या संधीत माहेरवाशिणी येतात, सोयरे जमतात, उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार व गोवारी बांधवांच्या ढाली, आणि रात्री पहाटेपर्यंत नाटक. या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री मिळाली, हे वाचकांस स्मरत असेलच. पाहुणे येणार म्हणून घर सारवले जाते, रंगविले जाते, आणि दारास नवे तोरण हवे असते.

आमच्या सूनबाईंनी असेच एक तोरण रोवणी आटोपल्यावर श्रावणात आरंभिले. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने मध्ये ‘सुस्वागतम्’, दोहों बाजूंस राघू व खाली धानाच्या लोंब्या, अशी आकृती. कापड लांबीस 36 इंच, उंचीस 6 इंच. इंचास 11 घरे. म्हणजे एकूण 26,136 घरे, व त्यांपैकी तिसरा हिस्सा भरावयाचा, तो 8,712 फुल्यांचा. सुताची लडी सहा पदरी असते. त्यांतील दोन पदर सुईत ओवावयाचे. कापडाची चौघडी घालून मध्य काढावा व तेथूनच आरंभ करावा. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेस पडला पाहिजे. नाही तर भरलेला भाग ओबडधोबड दिसतो. मागे गाठ मारू नये. एक घर चुकले, की मोजणीतील साखळीप्रमाणे पुढील सारी ओळ सरकते. पहिल्या राघूची चोच याच कारणाने दोनदा उसवावी लागली.

तासास सुमारे 120 फुल्या होतात. त्या मानाने पुरे तोरण म्हणजे 73 तास. आठ तासांचा रोज धरल्यास नऊ दिवसांची मजुरी. भाऊबिजेस मोजले तेव्हा 6,000 फुल्या झाल्या होत्या. अक्षरे व एक राघू पुरा. दुसरा राघू रेघेपुरताच. कारण उघड आहे. कापणी लागली, की सुई कापडात टोचून ठेवावी लागते व हाती विळा घ्यावा लागतो. कडपा उचलून पुंजणे रचली जाईपर्यंत तोरणास पुन्हा हात लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या गावच्या मंडईस गेलो. यंत्रावर केलेल्या तोरणांचे ढीग दुकानोदुकानी होते व भाव एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी. हातकामाचे दुकान एकच, एका वृद्ध बाईचे. सूनबाईंनी तिचा एक रुमाल उलटा करून पाठ पाहिली. काम पाठीकडूनही तितकेच साफ होते. “मावशी, यात मजुरी किती धरली?” असे विचारता ती म्हणाली, “मजुरी कशाची, बाई? कापडासुताचे निघाले तरी पुरे.” हे उत्तर मला फार लागले. धानाचा भाव सांगताना नांगरणी, रोवणी व निंदणीचा खर्च आपण बोटांवर मोजतो. तिचे तास मात्र शून्य धरले गेले, आणि ते तिनेच धरले.

धारवाडकडील कशिद्यात हाच टाका ‘मेंथी’ या नावाने आहे. तो कशिदा इरकली लुगड्यावर चढला, त्यास गिऱ्हाईक मिळाले, पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. हस्तकलेस कौतुकाबरोबर बाजारही लागतो, हा त्याचा बोध.

तेव्हा तीन गोष्टी सुचवितो. प्रत्येक मंडईच्या व्यवस्थापक मंडळींनी हातकामासाठी एक ओळ विनाशुल्क राखून ठेवावी. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून व ‘उमेद’ अभियान 2011 पासून स्त्रियांच्या गटांचे काम करीत आहे; त्या गटांस ही जागा आधी द्यावी. दुसरे, वस्तूवर फुल्यांची संख्या व लागलेले तास यांची चिठ्ठी लावावी, म्हणजे गिऱ्हाइकास भावाचे कारण कळेल. तिसरे, नऊ दिवसांची मजुरी देणारा मंडईत विरळाच, हे ओळखून विक्रीस लहान वस्तू कराव्या. चार इंच चौरस तुकड्यावरील एका राघूस त्याच मानाने सुमारे 645 फुल्या, म्हणजे साडेपाच तासही लागत नाहीत.

मोठी तोरणे घरच्या दारासाठीच असोत. परंतु पीकखर्चाच्या वहीत एक पान त्यांच्या तासांसाठी राखावे. ज्या श्रमाची नोंद होत नाही, त्याचा वाटाही कोणी मागत नाही.