पेज आणि शेज : संगमेश्वरी दिनचर्येतील आहार व निद्रा

मराठीतील ‘पेज’ आणि ‘शेज’ हे दोन शब्द केवळ यमकाने जुळलेले नाहीत. संस्कृत ‘पेया’ हिचे प्राकृतात ‘पेज्जा’ झाले व त्यापासून मराठी ‘पेज’ आली. ‘शय्या’ हिचे ‘सेज्जा’ झाले व त्यापासून ‘शेज’ आली. यकाराचा प्राकृतात जोड जकार होणे आणि मराठीत त्या जोडाक्षराचा एकेरी वर्ण उरणे, या एकाच ध्वनिनियमाने अन्नाचा एक शब्द व निद्रेचा एक शब्द असे सारख्या रूपास येऊन ठेपले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा योगायोग होय. परंतु आहार आणि निद्रा यांची जोडी मात्र योगायोगाची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले आहेत त्यांत पहिला आहार, दुसरा निद्रा व तिसरा ब्रह्मचर्य होय. आधुनिक शरीरविज्ञानानेही पहिल्या दोघांचा परस्परसंबंध प्रयोगाने सिद्ध केला आहे. या दोन उपस्तंभांविषयीचे जे ज्ञान एखाद्या प्रदेशाच्या नित्याच्या शब्दांत साठविलेले असते त्याचे स्वरूप काय, आणि ते शब्द मागे पडले असता आरोग्याचे काय होते, हा येथील विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर हा प्रदेश निवडला आहे.

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाने तालुक्याला आपले नाव दिले. तालुक्याचे ठाणे मात्र देवरुख येथे आहे. भाषाभ्यासकांस हे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) ‘संगमेश्वरी’ ही कोकणातील मराठीची एक बोली म्हणून नोंदविली आहे. प्रदेश डोंगराळ, पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक, आणि सपाट जमीन थोडी. त्यामुळे शेतीची विभागणी निसर्गानेच करून दिली : खाचरांत भात, आणि डोंगरउतारावरील ‘वरकस’ जमिनीत नाचणी व वरी. कुळीथ हे येथील मुख्य कडधान्य. या विभागणीतूनच येथील आहाराची शब्दावली तयार झाली.

प्रथम ‘पेज’ हा शब्द घेऊ. आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी अशी भाताच्या पातळ-घट्ट प्रकारांची श्रेणी सांगितलेली असून शोधनानंतर क्षीण झालेल्या अग्नीला प्रथम पेयाच द्यावी असा क्रम आहे. कोकणात ही पेया रुग्णाच्या पथ्यापुरती उरली नाही. ती कष्टकऱ्याचे नित्याचे अन्न झाली. सकाळपासून शेतात राबणाऱ्याने कामाच्या मध्यात घ्यावयाचा हा आहार असल्याने त्यात पाणी, मीठ व सहज पचणारे पिष्ट ही तिन्ही एकत्र यावीत हे सयुक्तिकच होते. उकड्या तांदळाची पेज असेल तर लाभ अधिक. कारण भात उकडून मग सडल्याने कोंड्यातील ब१ जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्याच्या आत शिरतो व सडल्यानंतरही टिकतो. केवळ पांढऱ्या, सडलेल्या तांदळावर राहणाऱ्यांस बेरीबेरी हा रोग होतो, या शोधासाठी आइकमन यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या शोधाच्या कितीतरी आधीपासून उकड्या तांदळाची चाल किनाऱ्यावर होती.

पेज मात्र पूर्णान्न नव्हे. तिच्या उणिवा इतर शब्द भरून काढीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक-कोष्टकांनुसार १०० ग्रॅम सडलेल्या तांदळात कॅल्शियम सुमारे ७ मिलिग्रॅम असते, तर नाचणीत सुमारे ३६४. लोह तांदळात ०.६५ मिलिग्रॅम, नाचणीत ४.६, कुळथात ८.८. कुळथात प्रथिने जवळजवळ २२ ग्रॅम असतात. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी व कडधान्यांत ते पुरेसे असते. म्हणून भाताबरोबर कुळथाचे पिठले किंवा कळण घेतल्याने प्रथिनांची प्रत वाढते. ‘आंबील’ या शब्दात तर प्रक्रियाच नाव होऊन बसली आहे. आंबविण्याने नाचणीतील फायटेट हे द्रव्य कमी होते आणि त्याने अडवून धरलेली खनिजे शरीरास अधिक प्रमाणात मिळतात. मोड आणण्याचा परिणामही असाच आहे. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू यांसारख्या रानभाज्या या ताटात येत. अशा रीतीने भात, नाचणी, कुळीथ, पाला आणि मासळी यांच्या मेळातून एक संतुलित आहार घडत होता.

मग हा आहार मागे का पडला? जमिनीचा व्यवहार बदलला हे त्याचे एक कारण होय. १९९० नंतर रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे कोकणातील पुष्कळशी वरकस जमीन आंबा-काजूखाली गेली. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या पैशाने व शिधापत्रिकेवरील तांदूळ-गव्हाने नाचणीची गरज संपविली. परंतु दुसरे कारण शब्दार्थाच्या क्षेत्रातील आहे. भात हे संपन्नतेचे आणि नाचणी हे दारिद्र्याचे चिन्ह ठरले होते. पेजेवर दिवस काढणे म्हणजे हलाखीत राहणे. शासकीय व्यवहारातही नाचणी ‘भरडधान्य’ या वर्गात मोडत असे, आणि ‘भरड’ या विशेषणात जाडेभरडेपणाची, हलकेपणाची छटा आहेच. २०१८ साली केंद्र शासनाने या धान्यांस ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले; संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ ही संज्ञा आली. पाच वर्षांत धान्याचा दाणा बदलला नाही. त्याचे नाव तेवढे भरडाचे ‘श्री’ झाले. नामांतराने प्रतिष्ठा येते हे खरे. तथापि प्रतिष्ठेबरोबर किंमतही चढते, आणि शहरातील दुकानात सुबक पुडीतून मिळणारे श्रीअन्न हे संगमेश्वरच्या घरातील नाचणीच आहे, ही ओळख नव्या नावाने आपोआप पटत नाही.

आहाराच्या वेळांचे शब्दही असेच बोलके आहेत. फारसीतून आलेली ‘न्याहारी’ सकाळच्या भरीव आहाराचा बोध करून देई. तिची जागा आता पुष्कळ ठिकाणी ‘चहापाणी’ या शब्दाने घेतली आहे. हा बदल केवळ शब्दाचा नाही. भाकरी किंवा पेजेच्या जागी गोड चहा आणि मैद्याची बिस्किटे आली. शिवाय जेवणाबरोबर घेतलेल्या चहातील पॉलिफेनॉल द्रव्ये अन्नातील लोहाच्या शोषणास अडथळा करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हा आकडा लक्षात घेता न्याहारी आणि चहापाणी यांतील भेद किरकोळ मानता येत नाही.

आता निद्रेकडे वळू. ‘पेज’ बोलीत जिवंत राहिली, ‘शेज’ मात्र नित्याच्या बोलण्यातून निघून ‘शेजघर’, ‘शेजारती’ अशा समासांत आणि काव्यात उरली. तिची जागा ‘अंथरूण’ या शब्दाने घेतली. हा शब्द ‘आस्तरण’ म्हणजे पसरणे यापासून आला आहे, आणि त्यात एक क्रिया अंतर्भूत आहे : अंथरूण रात्री घालावयाचे व सकाळी काढावयाचे असते. त्यामुळे निद्रेची सीमा दोन्ही बाजूंनी स्पष्ट होते. ‘निजानीज’ हा शब्द याहून लक्षणीय आहे. तो रात्रीच्या एका प्रहराचे नाव आहे, पण ते नाव घड्याळावरून नव्हे, तर सर्वांनी निजण्यावरून पडले आहे. निद्रा ही तेथे व्यक्तीची खाजगी बाब नसून घराची व वाडीची सामाईक वेळ आहे. त्या वेळी दिवे मालवत; आणि अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागून शरीर निद्रेस सिद्ध होते, हे आता ज्ञात आहे. पेशींमधील या दैनिक घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नित्याच्या निद्रेस अपवाद नव्हते असे नाही. शिमग्यातील नमन-खेळे, गणेशोत्सवातील जाखडी यांसाठी रात्री जागविल्या जात. त्यास ‘जागरण’ हे नाव होते. नाव होते म्हणूनच त्याची गणना होत असे, आणि त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी केली जाई. देवाच्या बाबतीतही हाच न्याय दिसतो. पंढरपूरच्या विठ्ठलाची शेजारती नित्य होते. परंतु आषाढी व कार्तिकी यात्रांच्या काळात देवाचा पलंग काढला जातो व देव अहोरात्र दर्शनासाठी उभा असतो. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजेने त्याचा शिणवटा घालविला जातो, काढा दाखविला जातो आणि शेज पुन्हा मांडली जाते. जागरण हे ऋण असून ते फेडावे लागते, ही कल्पना याहून स्पष्टपणे क्वचितच मांडली गेली असेल.

आजची अडचण अशी की, मोबाइलच्या उजेडात रोज मध्यरात्र उलटविणाऱ्या मनुष्याच्या जागण्यास भाषेने अद्याप नाव दिलेले नाही. तो त्यास जागरण म्हणत नाही. कारण जागरण म्हणजे सणाची किंवा आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र. ज्यास नाव नाही त्याचा हिशेब ठेवला जात नाही, आणि ज्याचा हिशेब नाही ते ऋण फेडले जात नाही. प्रौढांनी रोज किमान ७ तास झोपावे, अशी अमेरिकन निद्रातज्ज्ञांची २०१५ ची एकमताने केलेली शिफारस आहे. १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांस सलग सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घटलेली आढळली. आहारात काही बदल न होताही अपुऱ्या झोपेने मधुमेहाकडे जाणारी वाट मोकळी होते, असा याचा अर्थ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष आहे. पेज आणि शेज यांचा संबंध येथे ध्वनिनियमापलीकडे जातो.

या दोहोंना जोडणारे दोन शब्द मराठीत आहेत. ‘शतपावली’ म्हणजे जेवणानंतर शंभर पावले चालणे. भोजनोत्तर थोडे चालल्यानेही रक्तातील साखरेचा चढ कमी राहतो, असे अलीकडील अभ्यासांतून दिसून आले आहे. ‘वामकुक्षी’ म्हणजे डाव्या कुशीवर लवंडणे. या स्थितीत जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढण्याचे प्रमाण उजव्या कुशीपेक्षा कमी असते. परंतु या शब्दाचा अर्थविस्तार झाला आहे. आज दुपारी तास-दोन तास काढलेल्या कोणत्याही झोपेस वामकुक्षी म्हणतात. चरकाने दिवसा झोपणे ग्रीष्म ऋतू व काही विशिष्ट अवस्था सोडून निषिद्ध मानले आहे, आणि दुपारची लांब झोप रात्रीची निद्रा उशिरा ढकलते हा अनुभव सार्वत्रिक आहे. शब्द टिकला, पण त्यातील कूस आणि मर्यादा दोन्ही गळाली.

याचा अर्थ जुनी दिनचर्या निर्दोष होती असा मात्र नव्हे. ‘आगोटी’च्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीत खारवलेली मासळी व लोणची यांचा भरणा असे; दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ असावे या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत ते ताट बसणे कठीण. घाम गाळणाऱ्या शेतकऱ्यास जे चालत असे ते बैठे काम करणाऱ्यास चालेलच असे नाही. त्याहून गंभीर दोष वाटपाचा होता. सर्वांची पाने झाल्यावर स्त्रियांनी जेवावयाचे, म्हणजे कुळथाचे पिठले व मासळी संपल्यावर उरलेल्या भातावर भागवावयाचे. आणि सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या मागून निजावयाचे. ‘निजानीज’ झाली तरी घरातील एक व्यक्ती भांडी घाशीत असे. पेज आणि शेज या दोहोंतही तिचा वाटा शेवटचा होता. शब्दांच्या पुनरुज्जीवनाबरोबर ही पंक्तीची रीतही परत आणणे कोणासही इष्ट वाटणार नाही.

निष्कर्ष असा की, आरोग्यशिक्षणात आज उष्मांक, तंतुमय पदार्थ, निद्रास्वास्थ्य अशा परिभाषेतून जो उपदेश केला जातो, त्यातील बराचसा भाग संगमेश्वरी माणसाच्या बोलीत आधीच नांदत आहे. आठवड्यातून काही दिवस तांदळाऐवजी नाचणीची भाकरी, भाताबरोबर कुळीथ, चहापाण्याआधी खरी न्याहारी, जेवणानंतर शतपावली, ठरल्या वेळी निजानीज, आणि घरातील सर्वांचे एकाच पंक्तीत जेवण, एवढ्या सूचना समजण्यास कोणासही कोश उघडावा लागत नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिकेने हे शब्द वापरले, तर ऐकणारीला नवे काही शिकविले जात आहे असे न वाटता, ठाऊक असलेल्याची आठवण दिली जात आहे असे वाटेल. बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकांनीही धान्यांची व पदार्थांची नावे नोंदताना ती केव्हा, कशाबरोबर, कोणी व कोणत्या क्रमाने खावयाची हे टिपून ठेवणे अगत्याचे आहे. त्या तपशिलाशिवाय पेज म्हणजे केवळ पातळ भात आणि शेज म्हणजे केवळ बिछाना एवढाच अर्थ कोशात उरेल.