खेळाडूचे मनही दुखावते

खेळाडूचा गुडघा दुखावला की सारा संघ भोवती जमतो. बर्फ येतो, क्रेप बँडेज येते, क्ष-किरण तपासणी होते. पण त्याच खेळाडूची झोप उडाली, सरावाला जाण्याची धास्ती वाटू लागली, तर तो कोणाला सांगत नाही. संघातली जागा जाईल, लोक हसतील, ही भीती असते. माझ्याकडे येणारे खेळाडूही बहुधा 'अंगात ताकद वाटत नाही, टॉनिक द्या' असेच म्हणत येतात.

खेळाडूचे मन मुळातच खंबीर असते, हा समज खरा नाही. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात कसोटीच्या दहा डावांत विराट कोहलीच्या अवघ्या १३४ धावा झाल्या. त्या काळात आपल्याला नैराश्याने ग्रासले होते, हे त्याने २०२१ मध्ये उघडपणे सांगितले. अभिनव बिंद्रा तर २००८ मध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकल्यानंतर खचला. इतकी वर्षे ज्याचा ध्यास घेतला ते मिळाले, आता पुढे काय, ही पोकळी त्याला छळू लागली. म्हणजे हरणाराच खचतो असे नाही.

महाविद्यालयीन खेळाडूंवर तर दुहेरी ओझे असते. पहाटे सराव, दिवसा तास, वर परीक्षा. त्यात शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणावर घरच्यांचे डोळे लागलेले. अशा वेळी मोठी दुखापत झाली किंवा निवड हुकली, तर पोराला सारे संपल्यासारखे वाटते.

सामन्याआधी पोटात गोळा येणे, हरल्यावर दोन दिवस वाईट वाटणे, हा आजार नव्हे. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, आवडत्या खेळातले मन उडाले, चिडचिड किंवा दारू वाढली, तर डॉक्टरांना दाखवावे. 'जगून काय उपयोग' अशी भाषा ऐकू आली, तर एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. 'टेली मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. पुष्कळांना समुपदेशनाने आराम पडतो. काहींना औषधे लागतात. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत.

आपण स्पर्धेत खेळतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांना खेळात बंदी नाही. पण धडधड, थरथर थांबवण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल नेमबाजी आणि तिरंदाजीत निषिद्ध आहे. मित्राने दिलेली गोळी तर कधीच घेऊ नये.

आई-वडील आणि प्रशिक्षकांना एकच विनंती. मूल घरी आले की 'जिंकलास का?' हा पहिला प्रश्न नको. आधी जेवायला वाढा, मग त्याचे ऐकून घ्या. 'नाटके करू नकोस' या तीन शब्दांनी मुलाचे तोंड कायमचे बंद होते. मोडलेले हाड प्लास्टरमध्ये ठेवताना आपण लाजत नाही. मनाच्या उपचारांतही लाजण्यासारखे काही नाही.