वादळाची वर्दी

ज्यांचीं मुलेंबाळें मेलबर्नला आहेत अशा वाचकांसाठीं आम्ही हें लिहीत आहों. २१ नोव्हेंबर २०१६ रोजीं सायंकाळीं तेथें वादळ उठलें. राय नांवाच्या गवताचे परागकण त्याच्या ओलाव्यानें फुटून श्वासाबरोबर थेट फुप्फुसांत शिरले. हजारों लोक रुग्णालयांत धांवले, दहा जण दगावले. भारतीय व आशियाई वंशाच्या लोकांस विशेष उपद्रव झाला. कित्येकांस तर आपणांस दमा आहे हेंच ठाऊक नव्हतें! २०१७ पासून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत अशा वादळाची पूर्वसूचना निघते. ती मिळतांच दारें-खिडक्या लावून घरांत बसावें.

पुढें तेंच गवत वाळून वणव्यास इंधन होतें. संपूर्ण अग्निबंदीच्या दिवशीं अंगणांत होमकुंडही पेटवितां येत नाहीं. उन्हाळ्यांत मुंजीचा मुहूर्त काढतांना एवढें पंचांगाबाहेरचें पाहून ठेवावें.