कार्निव्हल काच : ओळख आणि खुणा

व्याख्या : लोखंडी साच्यात दट्ट्याने दाबून घडविलेल्या, आणि तप्त असतानाच लोह वा कथिल यांच्या क्षारांचा फवारा मारून, पाण्यावरील तेलाच्या तवंगासारखी झळाळी आणलेल्या काचभांड्यांस ही संज्ञा आहे.

उगम : अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील विल्यम्सटाउन येथील फेंटन कारखाना, सुमारे १९०७-०८. मागोमाग नॉर्थवुड, इम्पीरियल, ड्यूगन. ओहायोतील मिलर्सबर्ग अल्पायुषी.

भेद : टिफनीची 'फाव्ह्रील' काच फुंकणीने घडविलेली व महाग, ही साच्यातली व स्वस्त. 'कार्निव्हल' हे नाव मूळ विक्रेत्यांच्या दप्तरी नाही. जत्रेत बक्षीस म्हणून वाटली जाई या समजावरून ते संग्राहकांनी पुढे रूढ केले.

रंग : वरची झळाळी फसवी असते, म्हणून पेला उजेडासमोर धरून, जेथे फवारा क्वचितच पोचतो त्या तळाचा रंग पाहावा, जांभळा, निळा, हिरवा हे तेथेच ठरतात. झेंडूच्या रंगाच्या 'मॅरिगोल्ड' भांड्याची मूळ काच मात्र रंगहीन, पारदर्शक निघते.

खूण : नॉर्थवुडच्या पुष्कळ, पण सर्व नव्हे, अशा भांड्यांवर वर्तुळात अधोरेखित इंग्रजी 'एन'.

दाखले : बहुतेक कारखान्यांनी मालावर नाव घातले नसल्याने, नक्षी कोणाची याचा निवाडा बटलर ब्रदर्ससारख्या घाऊक व्यापाऱ्यांच्या जुन्या सूचिपत्रांतील चित्रे आणि उत्खननात मिळालेले तुकडे यांवरून करावा लागतो.

भारत : फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनेही असे पेले व फुलदाण्या काढल्या, काहींच्या तळाशी 'जैन' ही रोमन अक्षरे उठलेली आढळतात.