वेल्डिंगचा जोड थंड होताना काय बोलतो?

उसाचा हंगाम तोंडावर आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या भरल्या ट्रॉलीचा एक्सल वाटेत तुटला तर खेप बुडते आणि मागून येणाऱ्याच्या जिवावरही बेतते. बोल लागतो वेल्डिंगवाल्याला. पुष्कळदा जोड शाबूत असतो, तुटते ते त्याच्या लगतचे पोलाद.

याचे मूळ आपल्या लोहारांच्या ओळखीचे आहे. विळा लाल करून पाण्यात बुडवला की धार कडक होते, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. एक्सलच्या पोलादात साधारण ०.४ टक्के कार्बन असतो, कमानीच्या पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के. अशा पोलादावर वेल्डिंग केले की आजूबाजूचे थंड लोखंड उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि जोडालगत न मागता पाणी बसते. तेथे मार्टेन्साइट नावाची कडक पण ठिसूळ घडण होते. त्यात ओल्या रॉडमधून हायड्रोजन शिरला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी तडा जातो. तोवर ट्रॉली दुकानातून गेलेली असते!

ही घडण होताना धातूला बारीक झटके बसतात आणि आवाज उठतो. जर्मनीत फोर्स्टर आणि शाइल यांनी १९३६ साली निकेलयुक्त पोलादातला हा आवाज यंत्राने टिपला. आता जोडाजवळ स्फटिकाचा संवेदक बसवून बहुधा १०० किलोहर्ट्झच्या वरचे कंप ऐकतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशीच थांबतो. जोड निवत असता एका ठरावीक तापमानानंतर आवाजांची गर्दी झाली तर पाणी बसले असे समजतात. पार निवल्यावर तासा-दोन तासांनी पुन्हा आवाज उठले तर तडा सरकत असल्याचा संशय घेतात. वरचा स्लॅगही सुटताना तडतडतो. तो आवाज वेगळा काढणे हेच यातले अवघड काम. दुकानात कानाला येणारी टिकटिक बहुतेक स्लॅगचीच असते, तिच्यावरून जोडाची पारख करू नये.

असे यंत्र गल्लीतल्या दुकानाला परवडणारे नाही. पण जे ऐकण्यासाठी ते लावतात, ते टाळणे कारागिराच्या हातात आहे. एक्सलवर काही जोडायचे असेल तर आधी गॅसने तो भाग २०० अंशांच्या आसपास तापवावा, लो-हायड्रोजन रॉड भट्टीत वाळवून घ्यावेत, काम झाल्यावर जोड कोरड्या राखेत किंवा चुन्यात झाकून सावकाश निवू द्यावा. गिऱ्हाईक घाई करते म्हणून त्यावर पाणी ओतू नये. कमानीचा तुटलेला पाटा मात्र जोडूच नये, नवा घालावा, गिऱ्हाईक रागावले तरी.